अनेक संस्थांचं एकत्र वैद्यकीय संशोधन : नव्या समन्वयकासाठी वाटाड्या

एका रुग्णालयातला अभ्यास आणि दहा-बारा संस्थांमध्ये एकाच वेळी चालणारा अभ्यास यांच्यात फरक नुसता रुग्णसंख्येचा नसतो. एका ठिकाणी काही अडलं तर उठून वॉर्डात जाता येतं, सिस्टरना विचारता येतं, पाच मिनिटांत प्रश्न मिटतो. बारा ठिकाणी ती सोय नाही. तिथे तुमच्या वतीने बोलतो तो कागद : प्रोटोकॉल (अभ्यास कसा करायचा याचा लेखी आराखडा), फॉर्म, करार, सूचनापत्रक. कागदात जे लिहिलेलं नाही ते प्रत्येक केंद्र आपल्या समजुतीप्रमाणे भरून काढतं. सगळे प्रामाणिकपणे काम करत असतात, तरी वर्षभराने हाती आलेल्या आकड्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही.

पहिल्यांदाच समन्वयाची जबाबदारी अंगावर आलेल्या डॉक्टर, संशोधन अधिकारी किंवा कोऑर्डिनेटरसाठी हा लेख आहे. माझं एक ठाम मत सुरुवातीलाच सांगतो. अभ्यास आखताना डोळ्यांपुढे सगळ्यात नावाजलेली संस्था ठेवू नका. रात्री दोन वाजता एकट्याने वॉर्ड सांभाळणारा, झोप न झालेला निवासी डॉक्टर ठेवा. त्याला जमेल असा प्रोटोकॉल बाकी सगळ्यांना जमतो. उलट कधीच होत नाही.

पहिली पायरी : इतकी केंद्रं हवीत का?

सहकार्य छान वाटतं, पण ते महाग असतं आणि त्यात वेळ जातो. त्यामुळे आधी हिशोब मांडा. समजा एखाद्या आजारात मृत्यूचं प्रमाण १० टक्के आहे आणि नव्या उपचाराने ते ८ टक्क्यांवर येईल अशी आशा आहे. नेहमीच्या सांख्यिकी निकषांनी (५ टक्के पातळी, म्हणजे नसलेला फरक दिसण्याची शक्यता; ८० टक्के पॉवर, म्हणजे खरा फरक सापडण्याची शक्यता) प्रत्येक गटात सुमारे ३,२०० रुग्ण लागतात, म्हणजे एकूण ६,४००. तुमच्या रुग्णालयात वर्षाला असे ४०० रुग्ण येतात आणि त्यातले निम्मे अभ्यासात आले असं धरलं, तर एकट्याने हे काम करायला ३२ वर्षं लागतील. इथे अनेक केंद्रांना पर्याय नाही.

हृदयविकाराच्या झटक्यावरचा आयसिस-२ हा अभ्यास याच हिशोबातून उभा राहिला. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४१७ रुग्णालयांतले १७,१८७ रुग्ण होते. अ‍ॅस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज या दोन औषधांनी मृत्यू कमी होतात हे त्यातून निर्विवाद दिसलं. एकेका रुग्णालयाच्या आकड्यांतून ते कधीच दिसलं नसतं.

अनेक केंद्रांची आणखी दोन योग्य कारणं आहेत : आजार दुर्मीळ असणं, आणि निष्कर्ष वेगवेगळ्या परिस्थितीत टिकतो का हे पाहायचं असणं. प्रतिष्ठेसाठी किंवा निधी देणाऱ्यांना बरं वाटावं म्हणून केंद्रं वाढवणार असाल, तर तो विचार इथेच सोडा.

दुसरी पायरी : केंद्र निवडताना आश्वासन नको, रजिस्टर दाखवा

‘तुमच्याकडे या आजाराचे किती रुग्ण येतात?’ असं विचारलं की प्रत्येक विभागप्रमुख मोठा आकडा सांगतो. खोटं बोलत नसतात. त्यांच्या आठवणीत सगळेच रुग्ण असतात, तुमच्या निकषांत बसणारे मात्र थोडेच. अमेरिकेतले औषधशास्त्रज्ञ लुई लासान्या यांच्या नावाने या क्षेत्रात एक नियम गमतीने सांगितला जातो : अभ्यास सुरू झाला की पात्र रुग्ण एकदम आटतात आणि तो संपला की पुन्हा दिसू लागतात. हसण्यावारी नेऊ नका.

म्हणून केंद्राला मागच्या तीन महिन्यांचं वॉर्ड रजिस्टर काढायला सांगा आणि तुमचे निकष एकेका नोंदीला लावून पाहायला सांगा. वय जास्त म्हणून किती गेले, मूत्रपिंडाचा त्रास म्हणून किती, पहिल्या चोवीस तासांनंतर आले म्हणून किती. उरलेल्या आकड्यातले काही संमती देणार नाहीत. मग जो आकडा हाती येईल तो खरा. बहुतेक वेळा तो पहिल्या आश्वासनाच्या बराच खाली असतो, आणि तो आता कळलेला बरा.

रुग्णसंख्येइतकेच महत्त्वाचे काही प्रश्न असे. मुख्य संशोधक रजेवर असताना संमती कोण घेणार? याच रुग्णांवर दुसरा अभ्यास चालू आहे का? नमुने उणे ८० अंशांत ठेवायचे असतील तर फ्रीझरला बॅकअप आहे का, आणि रात्री तापमान वाढलं तर फोन कोणाला जातो? औषधाचा साठा कुलपात राहील का? या प्रश्नांवर जिथे ‘बघू, होऊन जाईल’ असं उत्तर मिळतं, तिथे आणखी एकदा भेट द्या आणि मगच ठरवा.

सगळी केंद्रं एकदम सुरू करू नका. दोन-तीन केंद्रांवर काम चालू करा, तिथल्या अडचणी सोडवा, मग बाकीच्यांना आत घ्या.

तिसरी पायरी : कोण कशाला जबाबदार, हे नावासकट

साधारण रचना अशी असते. एक समन्वय केंद्र रोजचा गाडा हाकतं. मुख्य संशोधक, सांख्यिकीतज्ज्ञ, डेटा मॅनेजर आणि कोऑर्डिनेटर यांचा छोटा गट आठवड्याला भेटतो. त्याच्या वर सुकाणू समिती असते. तिचा अध्यक्ष अभ्यासाबाहेरचा असावा, कारण मुख्य संशोधकाला ‘हे थांबवा’ असं सांगायची वेळ आली तर ते सांगणारा कोणीतरी लागतो. तिसरी, पूर्णपणे स्वतंत्र अशी डेटा देखरेख समिती असते. अभ्यास चालू असताना गटवार निकाल पाहायचा अधिकार फक्त तिला. मुख्य संशोधकालाही नाही, आणि तुम्हाला तर नाहीच.

ही शेवटची समिती नावापुरती नेमायची चूक करू नका. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना स्टेरॉइड द्यावं का, हे तपासणारा क्रॅश नावाचा मोठा अभ्यास २३९ रुग्णालयांत चालला होता. अनेक डॉक्टर हे औषध वर्षानुवर्षं वापरत होते. १०,००८ रुग्ण झाल्यावर देखरेख समितीने आकडे पुढे केले आणि अभ्यास थांबला. २००४ साली निकाल प्रसिद्ध झाला : दोन आठवड्यांतल्या मृत्यूंचं प्रमाण स्टेरॉइड गटात २१.१ टक्के, दुसऱ्या गटात १७.९ टक्के. उपचारानेच मृत्यू वाढत होते. कुठल्याही एका केंद्राला आपल्या चाळीस-पन्नास रुग्णांवरून हे समजणं शक्य नव्हतं.

प्रत्येक केंद्रावर डेलिगेशन लॉग ठेवा, म्हणजे कोण संमती घेतं, कोण औषध देतं, कोण नोंदी करतं याची सह्यांसह यादी. निवासी डॉक्टर सहा महिन्यांनी बदलतात आणि ही यादी मात्र पहिल्या दिवशीचीच राहते. दर महिन्याच्या फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा : टीममध्ये कोण नवं आलं, कोण गेलं?

चौथी पायरी : व्याख्या

समन्वयकाचा सगळ्यात जास्त वेळ इथे जायला हवा, आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो. प्रोटोकॉलमध्ये पार्श्वभूमीची पंधरा पानं असतात, आणि ‘ताप’ म्हणजे काय हे एका ओळीतही नसतं. काखेत मोजायचा की तोंडात? किती अंशांच्या वर? एकदा आला तरी ताप, की सहा तासांच्या अंतराने दोनदा? घरी आला होता असं नातेवाईक सांगतात, तो धरायचा का?

मुख्य निष्पत्तीचंच, म्हणजे उपचाराचा परिणाम ज्यावरून ठरवायचा त्या गोष्टीचंच, उदाहरण घ्या. ‘२८ दिवसांत मृत्यू’ इतकं स्पष्ट दुसरं काय असणार, असं वाटतं. आता केंद्रावरून येणारे प्रश्न ऐका. दिवस कुठून मोजायचे, दाखल झाल्यापासून की अभ्यासात घेतल्यापासून? घेतला तो दिवस शून्य की एक? रुग्ण नवव्या दिवशी घरी गेला, अठ्ठाविसाव्या दिवशी फोन कोण करणार? फोन लागला नाही तर किती वेळा प्रयत्न करायचे, आणि दुसरा नंबर घेतला होता का? रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात हलवला तर तिथली माहिती कोण आणणार? हे लिहिलेलं नसेल तर एक केंद्र फक्त रुग्णालयातले मृत्यू मोजेल, दुसरं घरी झालेलेही मोजेल. मग दुसऱ्या केंद्रावर मृत्यू जास्त दिसतील आणि सभेत लोक त्यावर वैद्यकीय तर्क लढवत बसतील.

एककांचं प्रकरण याहून वाईट, कारण तिथे चूक दिसतही नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी) काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, काही मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. दोन्हींत ८८.४ पटींचा फरक. १.२ आणि १०६ हे जवळजवळ एकच मूल्य आहे. हा फरक निदान डोळ्यांत भरतो. डी-डायमरचे (रक्ताच्या गुठळ्यांसाठीची चाचणी) निकाल दोन वेगळ्या एककपद्धतींत येतात, त्यांत साधारण दुपटीचाच फरक असतो, आणि चुकीचा आकडा अगदी बरोबर वाटतो. उपाय सोपा आहे. एकक समन्वय केंद्रात बसून बदलू नका. केंद्राला रिपोर्टवर छापलेलाच आकडा भरू द्या, शेजारी एकक निवडायला सांगा, आणि रूपांतर डेटाबेसला करू द्या. हाताने गुणाकार करायला लावला की चुका होणारच. प्रत्येक प्रयोगशाळेचे सामान्य मर्यादांचे तक्तेही आधीच मागवून ठेवा. यंत्र बदललं की तक्ता बदलतो, हेही सांगून ठेवा.

तारखांचंही तेच. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे देशागणिक बदलतं. महिना अक्षरात लिहायची सक्ती करा, विषय संपला.

काही निष्पत्तींमध्ये निर्णय डॉक्टरच्या मतावर असतो, उदाहरणार्थ एक्स-रे सुधारला की बिघडला. तिथे केंद्रांवर विसंबू नका. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन तपासणाऱ्या ब्रिटनमधल्या १९४८ च्या प्रसिद्ध अभ्यासात १०७ रुग्ण होते आणि ते वेगवेगळ्या रुग्णालयांत होते. एक्स-रे मात्र तीन स्वतंत्र तज्ज्ञांनी वाचले, आणि कुठला रुग्ण कुठल्या गटातला हे त्यांना माहीत नव्हतं. इतक्या वर्षांनी यापेक्षा चांगली युक्ती कोणाला सुचलेली नाही.

व्याख्या झाल्या की एक वेगळी पुस्तिका करा. प्रोटोकॉल जड असतो, तो कोणी वॉर्डात उघडत नाही. खिशात मावणारी आठ पानी पुस्तिका उघडतात.

पाचवी पायरी : फॉर्म कापा

प्रत्येक तज्ज्ञाला फॉर्ममध्ये आपला एक रकाना हवा असतो. हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात, ईसीजीची एवढी माहिती घेऊनच टाकू. मूत्रपिंडवाले म्हणतात, युरिनही असू दे. आहारतज्ज्ञही मागे राहत नाहीत. ४० जादा रकाने आणि ६,४०० रुग्ण म्हणजे २,५६,००० जादा नोंदी. त्या भरणार कोणीतरी रात्री जागून, आणि तपासणार तुम्ही.

माझा नियम असा : विश्लेषणाच्या कोणत्या तक्त्यात हा रकाना येणार, ते दाखवता आलं तर ठेवायचा, नाहीतर काढायचा. भांडणं होतात, होऊ द्यावीत. आयसिस-२ ची नोंदणी फोनवर मोजक्या प्रश्नांत होत असे आणि डिस्चार्जनंतर एक पानाचा फॉर्म. २०२० च्या महासाथीत ब्रिटनमध्ये रिकव्हरी अभ्यास याच वाटेने गेला. मार्चमध्ये पहिला रुग्ण घेतला आणि जूनमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजन व व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात हे जाहीर केलं. घाईच्या दिवसांत थकलेल्या कर्मचाऱ्यांकडून ते झालं, यात फॉर्म छोटा असण्याचा वाटा मोठा.

फॉर्म तयार झाला की तो बैठकीत वाचू नका. तीन जुन्या केसपेपरवरून प्रत्यक्ष भरायला द्या, तोही आखणीत नसलेल्या माणसाला, आणि शेजारी गप्प बसून बघा. तो जिथे थबकतो तिथे प्रश्न चुकीचा आहे.

सहावी पायरी : मंजुऱ्या आणि करार

इथे कामापेक्षा वाट पाहणं जास्त. काही देशांत अनेक केंद्रांसाठी एकाच नैतिकता समितीची मंजुरी चालते, काही ठिकाणी प्रत्येक संस्थेची समिती स्वतंत्रपणे बघते. दुसरी पद्धत असेल तर एक तक्ता बनवा : समितीच्या बैठका कधी, कागदपत्रं किती दिवस आधी द्यायची, किती प्रती, कोणाच्या सहीने. एका समितीने संमतीपत्रात बदल सुचवला तर तो फक्त त्या केंद्रापुरता आहे की सगळीकडे लागू करायचा, हे लगेच ठरवा. नाहीतर दोन महिन्यांत बारा केंद्रांवर बारा वेगळी संमतीपत्रं फिरत असतात.

प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख हवीच. संमतीपत्राचं भाषांतर करून घ्या आणि ते दुसऱ्या माणसाकडून उलट मूळ भाषेत करून ताडून पाहा. त्याहून चांगलं म्हणजे रुग्णाच्या एखाद्या नातेवाइकाला वाचायला देऊन विचारा, ‘यात काय लिहिलंय ते तुमच्या शब्दांत सांगा.’

अभ्यासाची सार्वजनिक नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी करा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती २००५ पासून उपचारांच्या चाचण्यांसाठी हा आग्रह धरते. नंतर केलेली नोंदणी दुरुस्त करता येत नाही आणि शेवटी शोधनिबंध परत येतो.

करारात पैसे, विमा, रुग्णाला इजा झाल्यास भरपाई कोण देणार, डेटा आणि नमुने कोणाचे, ते पुढे कोणाला देता येतील, हे सगळं येतं. पैशांबाबत एकच सल्ला : रुग्णामागे एकरकमी देण्यापेक्षा टप्प्यांवर द्या. काही भाग केंद्र सुरू होताना, काही रुग्ण घेतल्यावर, आणि मोठा भाग शेवटची पाठपुरावा नोंद पूर्ण झाल्यावर. सगळे पैसे रुग्ण घेतानाच दिले तर अठ्ठाविसाव्या दिवशीचा फोन कोणी करत नाही.

लेखकांच्या नावांचा प्रश्नही इथेच सोडवा, आकडे येण्याआधी. संपादकांच्या त्याच समितीचे चार निकष आहेत : आखणी, माहिती गोळा करणं किंवा विश्लेषण यात ठोस वाटा; मजकूर लिहिण्यात वा तपासण्यात सहभाग; अंतिम मसुद्याला मान्यता; आणि कामाच्या खरेपणाची जबाबदारी. चारही पूर्ण हवेत. मोठ्या अभ्यासात गटाच्या नावाने निबंध काढून केंद्रांवरच्या सगळ्यांची नावं सहयोगी म्हणून देता येतात. किती रुग्ण घेणाऱ्या केंद्राचं नाव कुठे येईल, हे लिहून सह्या घ्या. निकाल चांगला लागल्यावर हा विषय काढलात तर जुने मित्रही बोलेनासे होतात.

सातवी पायरी : रँडमायझेशन

रुग्णाला कुठला उपचार मिळणार हे नशिबावर सोडणं म्हणजे रँडमायझेशन. खरी कसोटी असते ती पुढची पाळी कोणाची हे लपवण्यात. बंद पाकिटं शक्य तिथे टाळा. ती उजेडात धरता येतात, क्रम बदलून उघडता येतात, आणि ‘या बाईंना नवं औषध मिळालं तर बरं’ असं वाटणारा डॉक्टर वाईट नसतो, माणूस असतो. फोनवरून किंवा वेबवरून मध्यवर्ती पद्धत ठेवा : आधी रुग्णाची नोंद पक्की, मग गट कळणार.

दोन्ही गट प्रत्येक केंद्रात सारखे राहावेत म्हणून ठोकळ्यांची पद्धत वापरतात. चारच्या ठोकळ्यात दोन ‘अ’ आणि दोन ‘ब’. आता उपचार उघड असेल आणि पहिले तीन रुग्ण अ, ब, ब असे गेले, तर चौथा ‘अ’ हे वॉर्डातल्या कोणालाही सांगता येतं. म्हणून ठोकळ्यांचे आकार बदलते ठेवा, आणि ते आकार केंद्रांकडे जाणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये छापू नका.

आठवी पायरी : केंद्र सुरू करणं

प्रशिक्षणाची सभा लांबवू नका. एक तास बोला आणि दोन तास खोट्या रुग्णावर सगळी प्रक्रिया करून घ्या : निकष, संमती, नोंदणी, औषध, फॉर्म. मंजुरी, करार, औषध, प्रशिक्षण, डेलिगेशन लॉग या सगळ्यांवर खूण झाल्याशिवाय हिरवा कंदील लेखी देऊ नका.

मग पहिला रुग्ण आला की त्याच आठवड्यात त्याची सगळी कागदपत्रं तपासा. पहिल्या रुग्णात झालेली चूक दहाव्यापर्यंत तशीच जाते.

नववी पायरी : रोजचा धबडगा

आता दिवस फोन आणि क्वेरींमध्ये जातात. क्वेरी म्हणजे डेटातल्या शंकेबद्दल केंद्राला विचारलेला प्रश्न. ती कशी लिहिता यावर उत्तर कधी येणार हे ठरतं. ‘कृपया मूल्य तपासा’ असं लिहिलं तर महिनाभर काही येत नाही. ‘रुग्ण ०७-०१२ : तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ११२, दुसऱ्या दिवशी ११.४. दशांश चिन्ह राहिलं की एकक वेगळं?’ असं लिहिलं तर संध्याकाळपर्यंत उत्तर येतं. आठवड्याच्या क्वेरी एकत्र पाठवा, रोज एकेक नको.

गंभीर प्रतिकूल घटनांचं वेळापत्रक मात्र वाट पाहत नाही. साधारण नियम असा की मृत्यू, जिवावरचा प्रसंग, रुग्णालयात दाखल व्हावं लागणं किंवा मुक्काम वाढणं, कायमचं अपंगत्व अशा घटना केंद्राने समजल्यापासून २४ तासांत कळवायच्या. ‘ही औषधामुळे झाली असं वाटत नाही’ म्हणून थांबायचं नाही. आधी कळवा, मत नंतर. पुढे नैतिकता समिती आणि नियामक यांना किती दिवसांत कळवायचं, हे त्या त्या देशाच्या नियमाप्रमाणे. ते भिंतीवर लावून ठेवा.

सगळ्या केंद्रांवर सतत जाणं परवडत नाही, आणि गरजही नसते. आकडे एकत्र ठेवून पाहिले की बरंच दिसतं. रक्तदाबाचे सगळे आकडे ० वर संपत असतील तर समजा की हाताच्या यंत्रावर अंदाजाने वाचतायत, थोडं शिकवावं लागेल. पण एखाद्या केंद्रात वेगवेगळ्या रुग्णांचे आकडे एकमेकांना फारच चिकटून असतील, कोणी कधीच भेटीला उशीर करत नसेल, एकही जागा रिकामी नसेल, तर गाडी काढा आणि तिकडे जा. खऱ्या वॉर्डातला डेटा इतका नीटनेटका नसतो.

कमी रुग्ण घेणाऱ्या केंद्रांना सर्वांसमोर यादीत खाली दाखवून लाजवायची एक पद्धत आहे. मला ती पटत नाही. दबावाने अपात्र रुग्ण आत येतात. त्यापेक्षा स्क्रीनिंग लॉग (तपासून पाहिलेल्या सगळ्या रुग्णांची यादी, न घेतलेल्यांच्या कारणांसह) मागवा आणि रुग्ण कुठल्या निकषावर गळतायत ते पाहा. अनेकदा एखादा निकष विनाकारण कडक असतो. तो प्रोटोकॉल दुरुस्त करून बदला, पण बारीकसारीक दुरुस्त्या साठवून एकदमच करा. प्रत्येक दुरुस्ती पुन्हा सगळ्या समित्यांपुढे जाते, आणि मंजुरी येईपर्यंत त्या केंद्राने जुन्याच पद्धतीने चालायचं असतं.

गोपनीयतेबद्दल थोडक्यात पण कडकपणे. समन्वय केंद्रात रुग्णाचं नाव येताच कामा नये, फक्त कोड. कोड आणि नाव जोडणारी यादी केंद्राच्या कुलपात. यातली सगळ्यात मोठी गळती व्हॉट्सअ‍ॅपमधून होते. कोणीतरी भल्या मनाने लॅब रिपोर्टचा फोटो गटावर टाकतो, वर रुग्णाचं नाव, वय, नोंदणी क्रमांक सगळं ठळक. पहिल्याच दिवशी सांगा की गटावर रिपोर्ट येणार नाही, आणि आलाच तर तिथल्या तिथे सर्वांच्या फोनवरून काढून घटनेची लेखी नोंद करा.

दहावी पायरी : कुलूप आणि त्यानंतर

शेवटचा रुग्ण शेवटच्या भेटीला आला म्हणजे काम संपलं, असं केंद्रांना वाटतं. अजून क्वेरी मिटवायच्या असतात, हरवलेल्यांचा शोध घ्यायचा असतो. या काळासाठी पगाराचे पैसे आधीच बाजूला ठेवलेले असावेत, कारण निधी नेमका इथेच संपतो. विश्लेषणाचा आराखडा डेटा उघडण्याआधी लिहून, तारीख घालून ठेवा. तो झाला, क्वेरी मिटल्या की डेटाबेसला कुलूप. त्यानंतर आकडा बदलायचा नाही.

आराखड्याचा आग्रह का, ते आयसिस-२ च्या संशोधकांनी मजेशीर पद्धतीने दाखवलं. उपगटांचे निकाल मागणाऱ्यांसाठी त्यांनी रुग्णांची जन्मराशीप्रमाणे विभागणी केली. अ‍ॅस्पिरिन सगळ्यांना उपयोगी ठरलं, फक्त पाश्चात्त्य पद्धतीच्या मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना नाही! केंद्रवार निकाल पाहतानाही हेच लक्षात ठेवा. वीस केंद्रांत एखाद-दुसरं उलटं दिसणारच, आणि त्या केंद्राचा प्रमुख तुम्हाला कारण विचारायला फोन करणार.

निकाल वर्तमानपत्रात येण्याआधी केंद्रांना कळवा, सिस्टर आणि फोन करणाऱ्या मदतनिसांसह. रुग्णांसाठी एक पान साध्या भाषेत लिहा आणि ते केंद्रांमार्फतच पोचवा, कारण पत्ते त्यांच्याचकडे आहेत. कागदपत्रं किती वर्षं जपायची हे नियमांत आणि करारात असतं. त्यातली तारीख, खोलीचा क्रमांक आणि जबाबदार व्यक्तीचं पद (नाव नव्हे, माणसं बदलतात) हे केंद्र बंद करण्याच्या पत्रातच लिहून घ्या.